दोन चित्रं, एक माणूस



‘चित्र कसं पाहावं’ यावर बोलायला मला दहा मिनिटं मिळाली आहेत. आपला चित्रकलेचा तास बहुधा गणितालाच जायचा, तेव्हा ही जुनी थकबाकी समजा.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत. एकात ते पुरुषवेशात, म्हणजे नारायणराव राजहंस, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. बालगंधर्व १५ जुलै १९६७ला गेले आणि रंगमंदिर पुढच्या वर्षी, २६ जूनला, त्यांच्या जयंतीला सुरू झालं.

स्त्रीवेशातल्या चित्रासमोर लोक ‘अगदी बाईच वाटते’ म्हणतात आणि पुढे सरकतात. मला ही दाद अपुरी वाटते. नुसतं बाईसारखं दिसणं दाखवायचं असतं तर एक चित्र पुरे होतं. दोन आहेत म्हणून आपली नजर इकडून तिकडे जाते, एका चेहऱ्यात दुसरा शोधते. मग साडी आणि दागिने ही सजावट राहत नाही. या माणसाने रोज संध्याकाळी काय अंगावर घेतलं आणि रात्री काय उतरवून ठेवलं, त्याची ती खूण होते.

आणखी एक. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी गेली, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. उतारवयात तर पाय अधू झाले. हे माहीत असलेल्याला भूमिकेतलं तेज निराळं दिसतं. ते दुःख रंगात शोधू नका. बघणारा ते आपल्याबरोबर घेऊन येतो.

तुम्ही म्हणाल, हे पुण्याचं झालं. पण आपल्या भागात बोहाड्यात देवीचं सोंग पुरुषच घेतो. सोंग नाचत असतं तोवर गाव हात जोडतं. म्हशाच्या जत्रेतल्या तमाशात गवळणीतली मावशी पुरुषच असते, तिला मात्र हसू मिळतं. यांतल्या कुणाचंही तैलचित्र कुठे लागलेलं मी पाहिलं नाही. शहापुरात नाही, मुरबाडातही नाही.

आपल्या वर्गात एक जण स्नेहसंमेलनात बाईची कामं करायचा. उत्तम करायचा. नंतर चिडवाचिडवी इतकी वाढली, की दहावीच्या वर्षी तो स्टेजवर चढलाच नाही. नाव घेत नाही. तो इथेच बसलाय, मागून तिसऱ्या रांगेत. त्याच्या त्या वेशातला एक कृष्णधवल फोटो माझ्याकडे आहे. त्याची परवानगी घेऊन मी त्यावरून चित्र काढायला घेतलंय. देऊस्करांची सर माझ्या हाताला नाही, पण जोडी करणार आहे: एक तो, आणि एक आजचा, चष्म्यातला.

पहिल्याचे डोळे अजून जमलेले नाहीत. म्हणून जेवणानंतर त्याला अर्धा तास माझ्यासमोर बसवणार आहे. तेवढा वेळ त्याला कुणी गप्पांत ओढू नका.