कार्डावर शिशाला रकाना नाही

दीक्षान्त समारंभाच्या पाहुण्यांनी व्यासपीठावर आल्या आल्या पर्समधून प्लास्टिकची एक बाटली काढून माइकशेजारी ठेवली. तिच्यात मूठभर काळी माती होती. पदवीधरांचं अभिनंदन त्यांनी दोन वाक्यांत उरकलं, मागच्या रांगांत बसलेल्या आईवडिलांना नमस्कार केला आणि थेट मातीवर आल्या. जड धातूंनी नासलेल्या जमिनींवर या पर्यावरण-रसायनशास्त्रज्ञ बाईंनी पस्तीस वर्षं काम केलं आहे. भाषण वीस मिनिटांचं ठरलं होतं, चाललं पाऊण तास.

सुरुवात झाली एका बादलीपासून. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी बाई शहराच्या नाल्याकाठी पालकाच्या वाफ्यांतली माती गोळा करत होत्या. पद्धत पाठ होती: शेतात नागमोडी चालायचं, ठिकठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन वरची पंधरा सेंटिमीटर माती काढायची, सगळी मिसळून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचं. मग सावलीत वाळवून, लाकडी मोगरीनं फोडून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायची. त्यांनी सगळं नीट केलं होतं. तरीही प्रत्येक नमुन्यात जस्त भरमसाट निघालं, अगदी विहिरीच्या पाण्यावरच्या शेतातही. गाइड प्रयोगशाळेत आले. वही न उघडता त्यांनी कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं. बादली जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची होती. चाळीस नमुने फेकले गेले आणि पुढच्या रविवारी बाई प्लास्टिकचं घमेलं घेऊन पुन्हा नाल्यावर गेल्या.

बादलीवरून त्या क्लेअर पॅटरसनकडे वळल्या. या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढायचं होतं, पण आकडे जुळेनात, कारण शिसं सगळीकडून नमुन्यात शिरत होतं: हवेतून, भांड्यांतून, माणसाच्या केसांतून. वर्षानुवर्षं घासूनपुसून त्यांनी प्रयोगशाळा स्वच्छ केली आणि १९५६ मध्ये पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षांच्या पुढे आहे हे पक्कं केलं. मग प्रश्न पडला, एवढं शिसं येतं कुठून? मोठा वाटा पेट्रोलचा निघाला. १९६५ मध्ये त्यांनी तसं छापलं आणि तेल उद्योगाकडून मिळणारा पैसा आटला. भारतात शिसंयुक्त पेट्रोल पूर्णपणे बंद व्हायला २००० साल उजाडावं लागलं. बाई म्हणाल्या, "पंपावरचं शिसं थांबलं, पण जुन्या हमरस्त्यांच्या कडेला जे मातीत उतरलं ते तिथंच आहे. कीटकनाशकाचा रेणू आज ना उद्या तुटतो. शिशाचा अणू तुटून जाणार कुठे?"

धातू मातीत कसा राहतो, हा भाग त्यांनी मनापासून रंगवला. देशावरची काळी माती चिकण आणि चुनखडीची, ती धातूला घट्ट धरून ठेवते. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी, तिथं कॅडमियमसारखा धातू सहज सुटून मुळांपाशी जातो. म्हणून मातीत एकूण धातू किती, एवढं सांगून भागत नाही. त्यातला किती पिकाच्या हाती लागतो, हेही मोजावं लागतं. एका धातूला एक दिवा अशा जुन्या यंत्रावर हे मोजण्यात त्यांची तरुणपणाची कितीतरी वर्षं गेली. शिशाचा दिवा तीन विभागांत मिळून एक होता आणि नेमका आपला वार आला की वीज जायची.

मग त्यांनी बाटली हातात घेतली.

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी एक शेड होती आणि तिच्या बांधाला लागून एका काकांची मेथी होती. बाई नमुने घ्यायला गेल्या तेव्हा काकूंनी चहा दिला, काका स्वतः टिकाव घेऊन खणायला लागले. "महिन्याभरात कळवते," असं सांगून त्या निघाल्या. आकडे वाईट आले. अहवाल प्रकल्पाला पैसे देणाऱ्या कार्यालयात गेला. तिथून निरोप आला, समितीची बैठक होईपर्यंत कुणाला काही सांगू नका. ती बैठक झालीच नाही. शोधनिबंध मात्र परदेशातल्या चांगल्या नियतकालिकात छापून आला आणि त्याच्या जोरावर बाईंना बढती मिळाली. निबंधात काकांच्या शेताचं नाव होतं 'नमुना क्रमांक चार'.

दोन वर्षांनी त्या त्याच रस्त्यानं जात होत्या. काकांनी लांबूनच ओळखलं. "ताई, आमच्या मातीचं काय झालं?" मधल्या काळात मेथीची चार-पाच पिकं निघाली होती. काही बाजारात गेली, काही घरात शिजली. काकांचा धाकटा नातू तेव्हा तीन वर्षांचा होता, बांधावर मातीत खेळत होता. लहान मुलांच्या शरीरात शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं आणि त्याचा घाव थेट मेंदूच्या वाढीवर बसतो. हे सांगताना बाई थांबल्या. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

त्या दिवशी बांधावर उभं राहून त्यांनी काकांना सगळं सांगितलं. समितीला विचारलं नाही.

व्यवसायावरचा त्यांचा राग यानंतर मोकळा झाला. त्याच शेतात पाच वर्षांनी पुन्हा मोजायला कुणी पैसे देत नाही, कारण त्यात 'नवं काही' नाही. निबंध मोजले जातात. शेतकऱ्याच्या दारात किती वेळा गेलात, हे कुणी विचारत नाही. प्रयोगशाळेला रंग काढायचा म्हणून एका सुट्टीत त्यांच्या अकरा वर्षांच्या बाटल्या भंगारात गेल्या. ही एक घरी होती म्हणून वाचली. इंग्लंडात रोथॅमस्टेडला १८४३ पासूनच्या प्रयोगांतले माती आणि पिकांचे सुमारे तीन लाख नमुने जपून ठेवले आहेत. त्या जुन्या बाटल्या उघडल्या म्हणूनच शेतजमिनीत कॅडमियम कसं चढत गेलं ते पुढच्या पिढीला कळलं. "आणि आपण रंगासाठी फेकतो," त्या म्हणाल्या.

त्यांचा खरा आग्रह मृदा आरोग्य कार्डापाशी आला. २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली. कार्डावर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पिकाला काय कमी पडतंय ते यातून कळतं. शिशाला त्यात रकाना नाही, कॅडमियमला नाही. "ज्याच्या शेजारी भट्टी आहे, ज्याच्या वाफ्यात नाल्याचं पाणी जातं, त्याच्या हातातही हेच कार्ड. त्याला वाटणार, माती तपासली, ठीक आहे. तुम्ही नोकरीला लागाल तिथं हा प्रश्न विचारा. मोजाल तेव्हा आकडा आधी त्या घरात सांगा. कार्यालयाला नंतर."

हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा जपानच्या निमित्तानं. तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या पाण्यावर भात पिकायचा आणि वरच्या अंगाच्या कामिओका खाणीतलं कॅडमियम त्या पाण्यातून खाचरांत उतरायचं. तो भात खाऊन बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानंही मोडायची. रोगाचं नावच पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. गावातल्याच हागिनो नावाच्या डॉक्टरनं खाणीकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. सरकारनं १९६८ मध्ये कारण मान्य केलं, १९७२ मध्ये वरच्या न्यायालयातही गावकरी जिंकले. खाचरांची माती दुरुस्त करायचं काम २०१२ पर्यंत चाललं. बाईंना यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते वेगळंच: खटल्यानंतरच्या करारात गावकऱ्यांनी तज्ज्ञांना घेऊन खाणीत शिरून तपासणी करण्याचा हक्क मिळवला, तोही कंपनीच्या खर्चानं. आकडा त्यांच्या घरी आला.

कुलसचिवांची दुसरी चिठ्ठी आली तेव्हा त्या बसल्या.

चहाच्या वेळी काळ्या गाउनमधली एक मुलगी त्यांच्यापाशी आली. तिच्या मामांची भाजी नाल्याच्या पाण्यावर होते. नमुना कसा घेऊ, तिनं विचारलं. बाईंनी कागदी बशी बाजूला ठेवली. लोखंडी खुरप्यानं खणलंस तरी पात्याला लागलेली माती लाकडाच्या पट्टीनं खरवडून टाक आणि आतली घे. खताच्या ढिगाजवळची, झाडाखालची नको. पिशवी नवी घे, खताची वापरलेली नको. चिठ्ठी पेन्सिलनं लिही, ओलीनं शाई पसरते. "आणि वर आधी मामांचं नाव आणि फोन नंबर लिही. गट नंबर खाली."