संप्रेरके आणि खाडा



स्त्रियांच्या शरीरातील संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोनचे, मोजमाप घरबसल्या करून देणाऱ्या नव्या कंपन्या आज निघत आहेत. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु मजुराच्या घरातून पाहिले म्हणजे प्रश्न निराळा दिसतो.

बीडकडच्या ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस चुकला की खाडा लागतो, म्हणजे दंड कापला जातो. पाळीच्या त्रासापायी खाडा नको, म्हणून कित्येकींनी गर्भाशयच काढून टाकले. २०१९ च्या सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. तीत अंडाशयही गेले, तर संप्रेरके आटतात, ऐन तिशीत पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात.

यंत्र काढणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की, तपासणी एका दिवसाच्या मजुरीपेक्षा स्वस्त करा आणि यंत्र आशाताईंच्या हाती द्या. आपण मात्र भरपगारी रजा मागितली पाहिजे. यंत्र दुखणे दाखवील. परंतु दुखणाऱ्या बाईला त्या दिवशी बसू कोण देणार? गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या पुलगावाला हे अधिक सांगावयास नको.