आकाशाचीं छायाचित्रें घरीं कशीं आणावींत

हिवाळ्याच्या रात्रीं कामठ्याच्या शिवारांत उभें राहून दक्षिणेकडे पाहिलें असतां क्षितिजापासून सुमारें सोळा अंशांवर अगस्तीचा तेजस्वी तारा दिसतो. पूर्वीं भंडारा जिल्ह्यांतील जमीनदारीचें ठिकाण असलेलें आणि १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत मोडणारें हें गांव साडेएकवीस अक्षांशांच्या आसपास आहे; त्यामुळें खगोलाचा फारच थोडा भाग तेथून कायमचा दृष्टीआड राहतो. तथापि नुसत्या डोळ्यांना जें दिसतें तें अल्पच. उरलेलें आकाश आतां छायाचित्रांच्या रूपानें सर्वांना विनामूल्य खुलें आहे.

हें भांडार एका दिवसांत जमलें नाहीं. १९४९ ते १९५८ या काळांत अमेरिकेंतील पॅलोमार वेधशाळेनें आपल्या टप्प्यांतील आकाश १४ इंची चौरस काचांवर टिपलें. पुढें त्या काचा अंकांत उतरविण्यांत आल्या. पुणें जिल्ह्यांत खोडद येथें प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिनें २०१० ते २०१२ या काळांत १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या पाहणीचीं पांच हजारांहून अधिक चित्रें २०१६ सालीं प्रसिद्ध झालीं. उणे त्रेपन्न अंश क्रांतीपर्यंतचें, म्हणजे खगोलाच्या सुमारें नऊ-दशांश भागाचें, हें चित्रण आहे. अगस्ती या सीमेच्या अगदीं कांठावर येतो.

एखादें चित्र हवें असेल तर संगणकाच्या पडद्यावर बोट दाबणें पुरेसें आहे. परंतु शंभर चित्रें हवीं असतां आज्ञा लिहून देणें सोयीचें. 'डब्ल्यूगेट' किंवा 'कर्ल' या नांवाचे छोटे कार्यक्रम त्यासाठींच आहेत. आज्ञेंत भांडाराचा पत्ता, ताऱ्याचा विषुवांश, क्रांति आणि चौकोनाची रुंदी एवढें सांगावें लागतें. पत्त्यांत '&' हें चिन्ह येत असल्यामुळें सगळा पत्ता अवतरणचिन्हांत ठेवावा; नाहींतर आज्ञा मध्येंच तुटते.

खरी अडचण निराळीच आहे. वीज जाते, जोडणी तुटते, आणि अर्धवट आलेली फाईल पूर्ण असल्याचा भास होतो. तयार ठेवलेली मोठी फाईल असल्यास डब्ल्यूगेटला उणें-चिन्हासह 'सी' हें अक्षर दिलें कीं उरलेलाच भाग मागविला जातो. मागणीनुसार कापून दिलेलें चित्र मात्र पुन्हा मागवावें. खगोलशास्त्रांत रूढ असलेल्या 'फिट्स' फाईलींत २८८० बाइटांचे ठोकळे असतात. संकोचन न केलेल्या फाईलीच्या आकारास २८८० नें निःशेष भाग जात नसेल, तर ती अपुरी समजावी. भाग गेला तरी चित्र उघडून पाहावेंच. तसेंच दोन मागण्यांमध्यें कांहीं क्षण थांबावें. भांडार सर्वांचें आहे.

एवढ्या काळजीचें फळ काय? भुजंगधारी राशींत १७ तास ५८ मिनिटें विषुवांश आणि ४ अंश ४२ कला उत्तर क्रांतीजवळ बर्नार्डचा तारा आहे. तेथील अर्धा अंश रुंदीचा चौकोन पॅलोमारच्या पहिल्या पाहणींतून मागवावा, आणि १९८० नंतरच्या दुसऱ्या पाहणींतूनही मागवावा. तारा वर्षास सुमारें १०.३ विकला सरकतो. चाळीस वर्षांत जवळजवळ सात कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीच्या पाव हिश्शाच्या आसपास. शेजारचे तारे जागचे हललेले दिसत नाहींत. हा एकटाच उत्तरेकडे गेलेला आढळतो.

कामठ्यासारख्या गांवांतील विद्यार्थ्यास तारे चालतात हें पुस्तक सांगतें म्हणून मानावें लागे. आतां तो दोन चित्रें शेजारीं ठेवून स्वतः मोजूं शकतो. मात्र फाईल अपुरी राहिली, तर मोजणीही चुकेल. म्हणून आज्ञा लिहितांना जेवढी घाई होते, तेवढाच धीर आलेलें चित्र तपासतांना बाळगावा.