जायरोची निगा: हवा स्वच्छ, नोंद खरी



आज छोट्या विमानाच्या पॅनेलवरच्या तीन गोल तबकड्यांबद्दल बोलू. ॲटिट्यूड इंडिकेटर विमानाचं नाक वर आहे की खाली आणि पंख सरळ आहेत की कललेले, ते दाखवतो. हेडिंग इंडिकेटर दिशा दाखवतो. टर्न कोऑर्डिनेटर वळणाचा वेग सांगतो. तिन्हींच्या पोटात जायरो, म्हणजे वेगाने फिरणारं जड चाक असतं. लहानपणी आपण भोवरा खेळलो आहोत. जोरात फिरणारा भोवरा ताठ उभा राहतो, वेग उतरला की डुलायला लागतो. जायरोचंही तसंच आहे.

सेसना १५२ किंवा १७२ सारख्या जुन्या पद्धतीच्या विमानात पहिले दोन जायरो साधारणपणे हवेवर फिरतात आणि तिसरा विजेवर. एक व्यवस्था बंद पडली तरी दुसरी हाताशी राहावी, म्हणून ही वाटणी. इंजिनावर बसवलेला व्हॅक्यूम पंप यंत्राच्या बंद पेटीतली हवा ओढून घेतो. तिच्या जागी केबिनमधली हवा फिल्टरमधून आत शिरते आणि चाकाच्या कडेवरच्या खाचांवर आदळते. तेवढ्या झोताने ॲटिट्यूड इंडिकेटरचं चाक मिनिटाला सुमारे १५,००० फेरे घेतं.

आता विचार करा, ही हवा कुठली? आपण बसतो त्या केबिनची. उन्हाळ्यातली धावपट्टीवरची धूळ, पावसाळ्यातला दमटपणा, कुणी सिगरेट ओढली असेल तर तिचा चिकट धूर, सगळं त्या फिल्टरवर येतं. फिल्टर चोंदला की हवा कमी पडते. फिल्टर फाटला की धूळ थेट बेअरिंगमध्ये जाते. म्हणून माझं सांगणं एका वाक्यात असं: जायरोची देखभाल म्हणजे मुख्यतः हवेची देखभाल.

पॅनेलवर सक्शन गेज असतो. बहुतेक छोट्या विमानांत तो पाऱ्याच्या ४.५ ते ५.५ इंचांच्या आसपास हवा. नेमका आकडा त्या विमानाच्या पुस्तकात बघायचा. सक्शन कमी असेल तर चाक मंद फिरतं आणि काटा आळशी होतो. जास्त असेल तर चाक गरजेपेक्षा जोरात फिरतं आणि बेअरिंग लवकर झिजतं.

इथे एक वाईट सवय दिसते. आकडा खाली आला की काही जण सरळ रेग्युलेटरचा स्क्रू पिळतात. आकडा जागेवर येतो आणि काम संपलं असं वाटतं. पण दोष चोंदलेल्या फिल्टरचा असेल तर तो तसाच राहतो. पुढे कुणीतरी फिल्टर बदलतो, सक्शन एकदम वाढतं आणि चांगला जायरो खराब होतो. काही विमानांत गेजची जोडणी अशी असते, की फिल्टर चोंदला तरी आकडा ठीकच दिसतो. म्हणून आधी फिल्टर, मग नळ्या आणि त्यांचे जोड, आणि सगळ्यात शेवटी स्क्रू. साधारण प्रघात असा, की रेग्युलेटरचा फिल्टर दर १०० तासांनी आणि मुख्य फिल्टर ५०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचा. आपल्याकडच्या धुळीत त्याआधी बदलला तर पैसे वाया जात नाहीत.

पंपाकडे वळू. आजचे बहुतेक पंप कोरडे असतात. आतल्या कार्बनच्या पात्या स्वतःच्याच भुकटीवर घसरतात, त्यांना तेल लागत नाही. उलट तेल आणि सॉल्व्हंट हे त्यांचे शत्रू. इंजिन धुताना पंप झाकून घ्या. पंपाच्या बुडाशी तेल पाझरताना दिसलं तर सील बघा. नळ्यांच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नका, तिचा तुकडा पंपात गेला तर पात्या तुटतात. हा पंप आजारी पडून हळूहळू जात नाही, एका क्षणात जातो. तो गेला की कार्बनचा चुरा नळ्यांत उरतो. नळ्या यंत्रांपासून सोडवून साफ न करता नवा पंप बसवला, तर तोही थोड्या दिवसांत त्याच वाटेने जातो.

यंत्र स्वतः कधी उघडायचं नाही. ते मान्यताप्राप्त कार्यशाळेचं काम. आपलं काम ते जपून काढायचं. चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबा आणि फोममध्ये ठेवून न्या. टेबलावर जरा जोरात आपटलं तरी बेअरिंगला खड्डा पडतो.

विमान चालवणाऱ्या मुलामुलींनी काय करायचं? इंजिन सुरू केल्यावर पाच मिनिटांत ॲटिट्यूड इंडिकेटर सरळ उभा राहिला पाहिजे. टॅक्सी करताना वळणावर तो पाच अंशांहून जास्त कलू नये. इंजिन बंद केल्यावर लगेच उतरू नका, कान द्या. निरोगी चाक बराच वेळ एकसारखं गुणगुणत मंदावतं. खरखर आली किंवा ते लवकर थांबलं तर लिहून ठेवा.

हेडिंग इंडिकेटर थोडा सरकणारच, कारण खाली पृथ्वी फिरते आहे. नुसत्या त्या कारणाने नागपूरच्या अक्षांशावर ताशी सुमारे ५ अंश आणि दिल्लीत सुमारे ७ अंश फरक पडतो. तो दोष नव्हे. दर पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी मेळ घालायचा. पण पंधरा मिनिटांत तीन अंशांहून जास्त फरक वारंवार पडत असेल, तर यंत्र तपासायला द्यायचं.

हे सगळं कशासाठी? ढगात क्षितिज दिसत नाही आणि आपला आतला कान आपल्याला फसवतो. १६ ऑक्टोबर २०००च्या रात्री अमेरिकेत मिसुरीचे राज्यपाल मेल कार्नाहन यांचं सेसना ३३५ कोसळलं. त्यांचा मुलगा विमान चालवत होता. मुख्य ॲटिट्यूड इंडिकेटर बिघडला होता आणि हवामान खराब होतं. बिघाड त्याला कळला होता आणि उजव्या बाजूचं यंत्र बघून तो विमान सांभाळायचा प्रयत्न करत होता. तरीही विमानातले तिघेही गेले. म्हणजे हवेत बिघाड ओळखता आला तरी तेवढ्याने माणूस वाचतोच असं नाही. तो जमिनीवरच सापडायला हवा.

आणि सापडतो कधी? कुणीतरी लिहिलं तर. 'काटा जरा उशिरा सरळ होतो, पण चालतंय' हे वाक्य हँगरमध्ये फार ऐकू येतं. स्नॅग लिहिला तर विमान उभं राहील, आपले तास बुडतील, साहेब रागावतील, ही भीती मला समजते. पण फौजेत पहारेकऱ्याला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवतात: दिसलं ते कळवायचं, त्याचा अर्थ लावणारे वर बसले आहेत. तुम्ही लिहा, इंजिनियर ठरवेल. आणि इंजिनियर मंडळींनो, लिहिणाऱ्या पोरावर खेकसू नका. आज त्याला गप्प केलंत, तर पुढचा स्नॅग तुमच्यापर्यंत येणारच नाही.

आता पडद्यांचे कॉकपिट आले, हे खरं. तरी जुनी विमानं अजून उडताहेत, आणि काही नव्यांतही राखीव म्हणून हवेवरचा जायरो असतो. तो रोज लागत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. उद्या हँगरमध्ये गेलात की एवढंच करा: लॉगबुक उघडून फिल्टर शेवटचा कधी बदलला ते बघा. नोंद सापडली नाही, तर कामाला तिथूनच सुरुवात करा.