वीणेची घोडी

ज्येष्ठाच्या अखेरीस देहूहून निघालेली तुकाराममहाराजांची पालखी बारामती सोडून इंदापूरच्या वाटेला लागते, तेव्हां आभाळाचा भरंवसा नसतो. सकाळीं ऊन, दुपारीं वाऱ्याबरोबर आलेली सर, आणि रात्रीं दमट गारवा. काटेवाडीस मेंढ्यांचें रिंगण होतें, पुढें बेलवाडीस गोल रिंगण. पताकावाले, डोईवर तुळशी घेतलेल्या स्त्रिया आणि टाळकरी धांवतात. तसेच गळ्यांत वीणा घेतलेले वीणेकरीही धांवतात. पाहणाऱ्यांची दृष्टि अश्वाकडे लागलेली असते. वीणेकऱ्याचें अर्धें लक्ष मात्र आपल्या वाद्याकडे असतें. कारण वीणेवरील लहानशी घोडी जागची हालली, तर साऱ्या दिंडीचा षड्जच डळमळतो.

घोडी म्हणजे भोपळ्यावरील तबलीवर मांडलेलें छोटें चौरंगासारखें आसन. खुंट्यांपासून निघालेल्या तारा, बहुधा चार, या आसनावरून जाऊन खालच्या टोंकाला अडकविलेल्या असतात. तारांचा कंप घोडी तबलीस देते, तबली भोपळ्यांतील हवेस देते, आणि मग तो नाद दिंडीला ऐकूं जातो. जवारीदार घोडीचा माथा अगदीं सपाट नसतो. त्याला अल्पसा उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर ओझरती टेंकत राहते आणि तींतून वरच्या स्वरांचा गुंजारव उमटतो. हीच जवारी. तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा बारीक दोरा सरकवून जवारी कोठें उघडते तें शोधतात. केंसाएवढ्या फरकानें आवाज मिटतो किंवा खुलतो.

घोडीला जागेवर दाबून धरतात त्या मुख्यतः ताराच. म्हणून सर्व तारा एकदम कधींही सैल करूं नयेत. एक बदलावी, ताणावी, आणि मगच दुसरीस हात लावावा. दमट हवेंत लांकूड फुगतें व खुंट्या आवळतात. कोरड्या हवेंत त्याच खुंट्या घसरूं लागतात आणि त्यांना खडू लावावा लागतो. तेव्हां सूर बिघडल्याबरोबर घोडी ठोकूं लागणें हें अडाणीपणाचें आहे. आधीं खुंटी, मग मणी, मग दोरा आणि सर्वांत शेवटीं घोडी, हाच क्रम बरा. दोन तारा एका स्वरांत मिळवितांना कानाला लाट जाणवते. एक तार सेकंदास २४० व दुसरी २४२ वेळां कंप पावत असेल, तर सेकंदाला दोन लाटा येतात. लाटा मंदावत मंदावत थांबल्या कीं तारा मिळाल्या.

ताण आणि प्रतिताण यांचा हा हिशेब परदेशांतील एका वाद्यांत अधिक उघडपणें दिसतो. १९५४ सालीं अमेरिकेंत फेंडर यांची स्ट्रॅटोकास्टर ही विजेची गिटार बाजारांत आली. तिची घोडी हालती असते: एका बाजूनें सहा तारा ओढतात, दुसऱ्या बाजूनें स्प्रिंगा ओढतात, आणि दोहोंच्या ओढींत ती तरंगत राहते. जोडलेला दांडा दाबला कीं सर्व तारा एकदम उतरतात. पण एकच तार चढविली तरी घोडी पुढें कलते आणि उरलेल्या पांच तारा उतरतात. म्हणून जाणता वादक सहाही तारा पुनःपुन्हां लावतो. तरीही घोडी पुढें झुकलेली राहिली तर मागील स्क्रू आवळून स्प्रिंगांचा ताण वाढवितो, मागें बसली तर सैल करतो, आणि पहिल्या तारेपासून पुन्हां आरंभ करतो. वीणेंत स्प्रिंग नाहीं. परंतु तिची तबलीही दाबाखालीं किंचित लवते, म्हणून तिलाही एका फेरीनें समाधान होत नाहीं.

वर्षानुवर्षांच्या घर्षणानें घोडीवर चर पडला कीं दोऱ्याचा उपाय चालत नाहीं. माथा घासून नवी जवारी काढावी लागते, आणि तें काम मुरलेल्या कारागिराचें; उतावळ्या हातांत कानस गेली तर घोडी फुकट जाते. मिरजेंत एकोणिसाव्या शतकापासून ही विद्या पिढीजात चालत आली आहे. २०२४ सालीं तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. तेथील वाद्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस पिकतात. मिरजेस घडलेली वीणा वारीला निघते, तेव्हां ती एका अर्थानें माहेरींच चाललेली असते.

अखंड सप्ताहांत वीणा खालीं ठेवीत नाहींत; ती एकाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. घेणाऱ्यानें नमस्कार करून प्रथम तार छेडावी, सूर ऐकावा आणि मगच अभंगाला हात घालावा. घरीं तंबोरा असलेल्यांनींही पावसाळ्यांत हाच पाठ गिरवावा. इंदापूरच्या मुक्कामीं पाऊस कितीही कोसळो, पहाटे वीणेचा षड्ज लागला कीं दिंडी पाऊल उचलते. आणि तो षड्ज बोटभर लांबीच्या घोडीवर उभा असतो.