बोटीवरील खुशाली

उदगीरच्या किल्ल्यापासून समुद्र अडीचशें मैलांहून अधिक दूर आहे. तेथील माणसाला किल्ल्याचा खंदक ठाऊक असतो, पावसाळ्यांत भरलेला तलाव ठाऊक असतो. लाट मात्र तो बहुधा मोठेपणींच पाहतो. असें असूनहि हल्लीं उदगीर, लातूर, नांदेड ह्या गांवांतील सुखवस्तु कुटुंबें मुंबईच्या किंवा सिंगापूरच्या बंदरांतून चार-आठ दिवसांच्या समुद्रसहलीस जाऊं लागलीं आहेत, आणि तेथें त्यांच्यापुढें असा एक प्रश्न उभा राहतो कीं, ज्याचें उत्तर तिकिटावर छापलेलें नसतें. तो प्रश्न खुशालीचा.

कल्पना करावी कीं, उदगीरचे एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक व त्यांच्या पत्नी अशा सहलीस निघालीं आहेत. लग्नाला पन्नास वर्षें झालीं म्हणून मुलानें हौसेनें साधी खोली न घेतां बैठकीची खोली, शेजघर आणि समुद्रावर उघडणारा सज्जा असें खास दालन घेऊन दिलें आहे. बोटवाले अशा दालनाला ‘स्वीट’ म्हणतात. आंत पाऊल ठेवून पांच मिनिटें होत नाहींत तोंच काळ्या कोटांतला एक तरुण येऊन अदबीनें लवतो, आपण ह्या दालनाचे बटलर आहोंत असें सांगतो आणि सामान उघडून कपाटांत लावून देऊं काय, असें विचारतो. बाईंच्या पेटींत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि देवाचा लहानसा डबा. परक्या पुरुषानें आपली पेटी उघडावी ह्या कल्पनेनेंच त्या संकोचतात. तरुण तें ओळखतो, मेजावर पाणी ठेवतो आणि निघून जातो.

“अहो, त्याला कांहीं द्यायला नको होतं का?” बाई विचारतात.

“द्यायला हवंच असणार. पण किती, आणि केव्हां? आत्तां दिलं तर त्याला अपमान वाटायचा. नाहीं दिलं तर आपण कंजूष ठरायचे.”

बोटीवर गेलेल्या आपल्या माणसाची ही कुचंबणा फार जुनी आहे. १८८८ च्या सप्टेंबरांत ‘क्लाइड’ बोटीनें मुंबईहून विलायतेस निघालेल्या तरुण गांधींना बोटीवरील वाढप्याशीं बोलण्याचाहि धीर होत नसे, आणि बरोबर आणलेल्या मिठाईफळांवर ते केबिनींतच भूक भागवीत, हें त्यांनीं स्वतःच आत्मकथेंत लिहून ठेवलें आहे. त्यांना इंग्रजी बोलण्याची संवय नव्हती, हें खरें. पण इंग्रजी अस्खलित बोलणारालाहि पाकिटांत हात घालतांना तोच संकोच वाटतो. देणारा आणि घेणारा यांचें नातें काय, हें कळलेलें नसतें, म्हणून तो वाटतो.

मराठींत ह्या देण्याला शब्द थोडे नाहींत. ‘बक्षीस’ आणि ‘इनाम’ हे फारशी-अरबींतून आलेले. त्यांत देणारा वर आणि घेणारा खालीं. ‘नजर’ ह्याच्या उलट, ती खालच्यानें वरच्याला करावयाची. उदगीर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, आणि त्या राज्यांत शेवटच्या निजामापुढें नजर ठेवण्याची चाल अखेरपर्यंत चालली. दिवाळीची ‘पोस्त’ टपालवाल्याला, रखवालदाराला, घरकामाच्या बाईला वर्षांतून एकदां. ‘चिरीमिरी’ म्हटली कीं तिला कचेरीचा वास येतो. त्यांतल्या त्यांत ‘खुशाली’ हा शब्द बरा. देणारा खूष झाला म्हणून त्यानें दिली, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजींतला ‘टिप’ हा शब्द तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला, असें जें सर्वत्र ऐकूं येतें ती निव्वळ दंतकथा आहे. ती सांगणारे मात्र मोठ्या विश्वासानें सांगतात.

ह्या सगळ्यांहून निराळा असा एक शब्द मराठवाड्यांतील प्रत्येक खेड्याला ठाऊक होता. तो म्हणजे ‘बलुतें’. सुताराला, लोहाराला, न्हाव्याला, परटाला सुगीच्या वेळीं खळ्यावरून धान्याचा वांटा मिळे. तो हक्काचा असे. यंदां नांगर मोडला नाहीं म्हणून सुताराचा वांटा बुडवूं नये, असा गांवाचा संकेत होता. परंतु ह्या पद्धतीची दुसरी बाजू फार काळी होती, आणि ती विसरून बलुत्याचें कौतुक करणें बरें नव्हे. मुंबई इलाख्यांत महार वतनदार सरकारचें आणि गांवाचें काम रात्रंदिवस करी. पण सरकारी तिजोरींतून त्याला मिळे तें अगदींच नांवाला. बाकीचा मोबदला रयतेच्या दारोदार जाऊन गोळा करावा लागे, आणि ज्याची मर्जी फिरे तो तो अडवून धरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतन कायद्याला जी दुरुस्ती सुचविली तिचा रोंख ह्यावरच होता. कामगाराचा मोबदला कोणाच्या मर्जीवर लोंबकळत राहूं नये, तो ठरलेला आणि रोख असावा, हें तिचें मर्म. तें विधेयक तेव्हां कायद्यांत उतरलें नाहीं. पण त्यांतला सवाल बोटीवरच्या बटलरलाहि जसाच्या तसा लागू पडतो: ह्या माणसाचा पगार देतो कोण?

अमेरिकेंत ह्याच सवालावर मोठा झगडा झाला. तेथील यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीनें आगगाडीचे झोंपण्याचे डबे काढले आणि त्यांत उतारूंच्या तैनातीला नुकतेच गुलामगिरींतून सुटलेले कृष्णवर्णीय लोक नेमले. बिछाना घालणें, जोडे पुसणें, रात्रींबेरात्रीं हांक आली कीं धांवणें हें त्यांचें काम. पगार जाणूनबुजून तुटपुंजा. बाकीचें उतारूच्या खिशांतून यावें हा कंपनीचा हिशेब. उतारू त्यांना त्यांच्या नांवानें हांकहि मारीत नसत. मालकाचें नांव जॉर्ज, म्हणून सगळे नोकर ‘जॉर्ज’. महिन्याला चारशें तास काम आणि दर स्टेशनावर हंसरा चेहरा! १९२५ सालीं ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखालीं ह्या लोकांनीं आपला संघ स्थापन केला, आणि बारा वर्षें झुंजून १९३७ सालीं कंपनीशीं करार केला. पगार वाढला, कामाचे तास महिन्याला दोनशें चाळीसांवर आले. खुशाली त्यानंतरहि मिळत राहिली. मात्र तिच्यावांचून चूल पेटणार नाहीं अशी स्थिति तितकी उरली नाहीं.

आपल्या पश्चिम किनाऱ्यालाहि असाच इतिहास आहे. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर भोजनगृहाची आणि केबिनींची व्यवस्था पुष्कळ अंशीं गोमंतकीय नोकरांकडे असे. दोन सफरींच्या मधल्या काळांत हे लोक मुंबईस धोबी तलावाच्या बाजूला आपापल्या गांवाच्या ‘कुडां’त राहत. एकेका गांवाचा एकेक कूड, म्हणजे खोल्या, देव्हारा आणि सामानाच्या पेट्या ठेवण्याची जागा. हिंदी खलाशांचे करार निराळे असत आणि त्यांवरील पगार गोऱ्या खलाशांच्या पगाराहून फार कमी असे. तेव्हां साहेबाच्या केबिनींतून मिळालेलें नाणें गोमंतकांतल्या घराला केवढा आधार होत असेल, हें सांगावयास नको.

आतां आजच्या बोटीकडे वळावयाचें. बटलर हा मुळांत बाटल्यांचा, म्हणजे मद्यकोठाराचा अधिकारी. फ्रेंच भाषेंतून हा शब्द इंग्रजींत आला. बोटीवर तो सामान लावून देतो, कपड्यांना इस्तरी करवून आणतो, जेवण दालनांत वाढतो. कॉन्सिएर्ज हा दुसरा. हा दालनांत येत नाहीं. बाहेर मेजामागें बसून तो भोजनगृहांतली जागा, किनाऱ्यावरची मोटार, नाटकाचीं तिकिटें यांची तजवीज करतो. ह्या धंद्याचा आपला मान मोठा आहे. १९२९ सालीं पॅरिस येथें ह्या लोकांनीं आपली संस्था काढली, आणि तिचे सभासद कोटाच्या कॉलरवर सोनेरी किल्ल्यांची जोडी लावतात.

बहुतेक मोठ्या कंपन्या उतारूच्या हिशेबांत दर माणशीं दर दिवसाची एक ठराविक रक्कम सेवेपोटीं धरतात, आणि खास दालनांत राहणाऱ्याची ही रक्कम साध्या खोलीपेक्षां जास्त असते. ती गोळा होऊन अनेकांत वांटली जाते. ह्या वांटपांत खोली झाडणारा असतो, वाढपी असतो, आणि ज्याला उतारू जन्मांत पाहणार नाहीं असाहि माणूस असतो: तळमजल्यावर चादरी धुणारा, भांडीं घासणारा. येथें खळ्यावरच्या वांट्याची आठवण होते. परंतु कांहीं कंपन्या बटलर आणि कॉन्सिएर्ज यांना ह्या वांटपाबाहेर ठेवतात आणि त्यांचें काय तें उतारूवर सोंपवितात. उलट ‘सिल्व्हरसी’सारखी कंपनी प्रत्येक दालनाला बटलर देते आणि खुशाली भाड्यांतच धरते, तिच्या बोटीवर पाकीट काढलें नाहीं तरी कोणी उपाशी राहत नाहीं. म्हणून शहाण्या उतारूनें पहिल्या दिवशींच कचेरींत जाऊन स्पष्ट विचारावें, “रोजच्या आकारांत बटलरचा वांटा आहे कीं नाहीं?” हा प्रश्न विचारण्यांत कंजुषी नाहीं. न विचारतां अंदाजानें नोटा वांटणारा पुष्कळदां ज्याला द्यावयाचें त्यालाच विसरतो.

भारतांतल्या उपाहारगृहांची संवय येथें घेऊन जाऊं नये. आपल्याकडे ग्राहकसंरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं असा दंडक घातला कीं, बिलांत सेवाशुल्क आपोआप लावतां कामा नये, आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०२५ सालीं तो उचलून धरला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१६ सालीं प्राप्तिकराच्या एका दाव्यांत असें ठरविलें कीं, हॉटेलमालकानें गोळा करून नोकरांत वांटलेली खुशाली हा त्यानें दिलेला पगार नव्हे. कायद्याच्या दृष्टीनें हें बरोबरच आहे. ती गिऱ्हाइकाची, तिच्यावर मालकाचें नांव कशाला? परदेशीं नोंदलेल्या बोटीवर मात्र ‘सेवाशुल्क ऐच्छिक आहे’ असें म्हणून कचेरींतून ती रक्कम कमी करून घेणें फार निराळें. कांहीं ठिकाणीं तशी सोय आहे, आणि तिचा फायदा घेणारे शेवटच्या दिवशीं ओळ लावून उभे असतात. “आम्ही आमच्या हातानें देऊं” असें ते म्हणतात. हातानें ते ज्याला देतात तो समोर दिसणारा बटलर. चादरी धुणाऱ्याचा वांटा त्या कचेरीच्या मेजावरच बुडतो, आणि तो कोणी बुडविला हें त्याला कधींच कळत नाहीं.

किती द्यावें, ह्याचा आंकडा सांगणें व्यर्थ आहे. कंपनीगणिक आणि वर्षागणिक तो बदलतो. कसें द्यावें हें मात्र सांगतां येतें. बटलरला थोडें आरंभीं आणि उरलेलें निघतांना, बंद पाकिटांत, वर त्याचें नांव लिहून द्यावें. कॉन्सिएर्जनें नेहमींच्या कामापलीकडे खटपट केली असेल तर त्या कामाचें द्यावें. नुसता रस्ता दाखविल्याचें देण्याची रीत नाहीं. नाणीं देऊं नयेत, कारण परक्या देशांतलें नाणें सराफ घेत नाहीं. आपले रुपयेहि देऊं नयेत. बोटीवर जो पैसा चालतो तोच द्यावा, नाहीं तर फिलिपाइन्सच्या किंवा इंडोनेशियाच्या माणसाला ते वटवीत बसावें लागतें. हे लोक बहुधा सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर असतात आणि त्यांना रविवार नसतो. २००६ च्या आंतरराष्ट्रीय खलाशी-श्रमकरारानें, जो भारतानेंहि २०१५ सालीं मान्य केला, त्यांना दिवसांत निदान दहा तास आणि आठवड्यांत सत्याहत्तर तास विश्रांति ठरवून दिली आहे. ह्याचा हिशेब उलटा करून पाहिला म्हणजे कामाचा दिवस केवढा लांबूं शकतो तें कळतें. कंपनीच्या अभिप्रायपत्रावर त्यांचें नांव घालून दोन ओळी लिहिल्या तर पुढच्या कराराच्या वेळीं त्या उपयोगीं पडतात.

शेवटच्या संध्याकाळीं आमचे मुख्याध्यापक कचेरीकडे निघतात. तो तरुण चांगला वागला. रोजचा आकार काढून टाकून सगळें त्यालाच द्यावें, असा त्यांचा बेत असतो. बाई सज्जांत बसल्या आहेत.

“आणि हो,” त्या तेथूनच विचारतात, “ह्या चादरी रोज बदलतात, त्या धुतं कोण?”

मुख्याध्यापक दारांत थांबतात. मग परत येऊन मेजाशीं बसतात, पाकीट काढतात आणि पेटीच्या चिठ्ठीवरून बटलरच्या नांवाचीं इंग्रजी अक्षरें एकेक पाहून उतरवून घेतात. आकार आहे तसाच राहतो. तरुण चहा घेऊन येतो तेव्हां ते पाकीट त्याच्या हातीं देतात, आणि बाई उरलेल्या चटणीची पुडी त्याच्यापुढें धरतात. तो ती उघडून हुंगतो, लसणाच्या वासानें डोळे मिटतो, आणि ही कशाबरोबर खावयाची, असें विचारतो.