माती काढणं थांबतं तेव्हा



मंदी आली की आपल्या खाणवाल्यांच्या परिषदांत दोनच भाषणं होतात. एकात निर्यात कर हटवा अशी मागणी असते, दुसऱ्यात चीनच्या नावाने बोटं मोडलेली असतात. दोन्हींत तथ्य आहे. 2008च्या जूनमध्ये लोहखनिजावर 15 टक्के निर्यात कर बसला तेव्हा भाव चढे होते. वर्ष संपेपर्यंत ते निम्म्याच्याही खाली आले आणि डिसेंबरात फाईन्सवरचा, म्हणजे बारीक खनिजावरचा, कर सरकारने काढून टाकला. 2022च्या मे महिन्यात तर कर 50 टक्क्यांवर गेला, 58 टक्क्यांहून कमी लोह असलेल्या हलक्या मालालाही लागला आणि नोव्हेंबरात हलक्या मालावरचा पुन्हा उठला. ज्याला पाच वर्षांचा खाण आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, त्याने सहा महिन्यांच्या कराशी मेळ कसा घालायचा? तक्रार रास्त आहे. पण ती करणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून मी ती इथेच सोडतो. मला बोलायचं आहे ते मंदीत खाणीच्या आत आपण काय बंद करतो याविषयी.

त्याआधी मंदी आपल्यालाच आधी का गाठते ते पाहू. गोव्याचं खनिज बरंचसं 60 टक्क्यांच्या खालचं आणि त्यात फाईन्स जास्त. देशातल्या पोलाद कारखान्यांना त्याची फारशी गरज पडली नाही. आधी जपानने घेतलं, मग चीनने. चीनला ते हवं होतं ते ऑस्ट्रेलिया-ब्राझीलच्या सरस मालात मिसळायला. भाव चढे असले की असं मिसळणं परवडतं. भाव पडले की सरस मालच स्वस्तात मिळतो, मग हलका माल आधी नाकारला जातो. म्हणून जगाला मंदीची सर्दी झाली की मांडवी-जुवारी नद्यांतल्या बार्ज सगळ्यांत आधी रिकाम्या उभ्या राहतात. एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये हा धडा शेजारच्या कर्नाटकाने कधीच गिरवला होता. कुद्रेमुखची खाण इराणच्या पैशावर आणि इराणसाठी उभी राहिली. 1979ची क्रांती झाली आणि माल तयार होण्याआधीच गिऱ्हाईक गेलं. कुद्रेमुखची कंपनी नवी गिऱ्हाइकं शोधून आणि पुढे मंगळूरला पेलेट प्रकल्प घालून तगली. आपण त्यातून फारसं काही उचललं नाही.

आता खड्ड्यात उतरू. काटकसरीचं परिपत्रक आलं की पहिली कात्री लागते ती माती काढण्याला. गोव्यात टनभर खनिजामागे साधारण अडीच-तीन टन माती हलवावी लागते. माती विकत कोणी घेत नाही, डिझेल मात्र तेवढंच पिते. मग एक्स्कॅव्हेटर वरच्या बेंचवरून, म्हणजे पायरीसारख्या टप्प्यावरून, खाली येतात आणि उघड्या फेसवरचं खनिज तेवढं उचललं जातं. काही महिने टनामागचा खर्च इतका सुरेख दिसतो की मुख्य कार्यालयातून अभिनंदनाचं पत्र येतं. तोवर बेंच अरुंद झालेला असतो. टिप्परला वळायला जागा उरत नाही, ड्रायव्हर आरशात बघत तो उलटा आणू लागतो. पहिल्या मोठ्या पावसात वरची जांभ्याची कड ढासळते आणि उघडं केलेलं खनिज गाळाखाली जातं. भाव वर येतात तेव्हा शेजारचा माल जहाजात भरत असतो आणि आपण तुंबलेली माती उपसत असतो. बियाणंच दळून खाल्लं, तर पुढचा पाऊस चांगला झाला म्हणून शेतकऱ्याच्या हाती काय लागणार?

दुसरी कात्री बोअरहोलवर आणि तिसरी नोंदींवर. भारतीय खाण ब्यूरोने 2009मध्ये लोहखनिजाची किमान प्रत 55 टक्क्यांवरून 45वर आणली. कालपर्यंत रिजेक्शन म्हणून टाकलेले ढीग एका परिपत्रकाने खनिज झाले. पण कोणत्या ढिगात काय आहे हे सांगणारा कागद किती खाणींवर निघाला? जुन्या फोरमनला घरून गाडीने बोलावून आणायचं आणि त्याने बोट दाखवायचं, ही आपली भूशास्त्रीय नोंद.

एक भेसळही दूर करू. 2012ची खाणबंदी आपण मंदीच्या खात्यात घालतो, ते खरं नाही. 2010-11मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज गेलं. खनिजाच्या ट्रकांमुळे सावर्डे-कुडचड्याच्या लोकांना रस्ता ओलांडणं मुश्कील झालं होतं. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला, 2012च्या सप्टेंबरात राज्याने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं. एप्रिल 2014च्या निकालाने सांगितलं की खाणपट्ट्यांची मुदत 2007मध्येच संपली होती. त्याच निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतले 10 टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला लावले. खाणी पुन्हा हलल्या त्या 2015मध्ये आणि त्या वर्षअखेर भाव टनाला 40 डॉलरच्या खाली होता. म्हणजे तेजीत बंद आणि मंदीत सुरू. बाजार कोणाच्या हातात नसतो, पण तेजीतला बेहिशेब आपल्याच हातचा होता. त्याची किंमत मोजली ती ज्याने तेजीतल्या फेऱ्या धरून ट्रकचं कर्ज काढलं त्याने. हप्ता ठरला होता तेजीत, भरायचा होता मंदीत.

माझ्या मते मंदी हाच माती काढायचा काळ आहे. यंत्रं रिकामी असतात, माणसं गावातच असतात, ट्रक दारात उभे असतात. नसतो तो पैसा, कारण तो तेजीत बाजूला काढलेला नसतो. म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. भाव ठरावीक पातळीच्या वर असताना प्रत्येक टनामागे काही रक्कम माती काढण्यासाठी आणि जुने खड्डे भरण्यासाठी वेगळ्या खात्यात जावी आणि मंदीत त्या पैशाने स्थानिक ट्रकांना काम द्यावं. माती काढणं किती मागे पडलं, हा आकडा उत्पादनाच्या आकड्याशेजारी दर तिमाहीला छापला जावा. प्रत्येक ढिगाची प्रतवारी नकाशावर यावी. टनामागची रक्कम किती, यावर वाद होईल, तो जरूर व्हावा. सूचक मी आहे. अनुमोदन एखाद्या खाण व्यवस्थापकाने द्यावं, आणि वित्त विभागातले जे मित्र आत्ताच मान हलवताहेत त्यांनी आपला विरोध लेखी द्यावा. तो इतिवृत्तात जसाच्या तसा घेतला जाईल.